अवतरणिका कोणाची? अनुरागाच्या खुणा आणि त्यांचे वाचक

१

स्त्रीच्या हसण्याला, पाहण्याला किंवा गप्प राहण्याला पुरुष जो अर्थ देतो तोच तिच्या मनात असतो काय, हा प्रश्न अलीकडे मानसशास्त्राच्या कक्षेत गणला जातो. वस्तुतः तो अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे, आणि त्या दृष्टीने पाहिल्यास महाराष्ट्रात त्याचा इतिहास फार मागे जातो. या इतिहासाचे दोन टप्पे विशेष बोलके आहेत. पहिला महाराष्ट्री प्राकृतातील गाथांचा व त्यांचा अर्थ लावणाऱ्या साहित्यशास्त्रज्ञांचा; दुसरा १९७२ साली चंद्रपूर जिल्ह्यात घडलेल्या एका गुन्ह्याच्या खटल्याचा व त्यातून निघालेल्या कायद्याचा. वरवर पाहता या दोहोंत काहीच साम्य नाही. एका ठिकाणी रसिक आहे, दुसऱ्या ठिकाणी न्यायाधीश आहे. परंतु दोघांपुढचे काम एकाच जातीचे होते. स्त्रीचे शब्द, किंवा तिचे मौन, समोर होते. आणि त्यामागील इच्छा ठरवावयाची होती.

प्राकृत गाथांचे टीकाकार गाथेचा अर्थ सांगण्यापूर्वी एकदोन वाक्यांची प्रस्तावना करतात. बोलणारी कोण, ऐकणारा कोण, प्रसंग कोणता, हे त्या प्रस्तावनेत सांगितलेले असते. तिला अवतरणिका म्हणतात. गाथा दोन ओळींची असल्यामुळे अवतरणिकेवाचून तिचा अर्थ पुष्कळदा लागत नाही. आणि अवतरणिका बदलली की अर्थही बदलतो. स्त्रीच्या वर्तनाचा अर्थ लावताना ही अवतरणिका कोण पुरवितो, या एका प्रश्नाभोवती वरील दोन्ही टप्प्यांचा इतिहास फिरतो, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपाद्य आहे.

२

अनुरागाच्या खुणांचे शास्त्र भारतात पद्धतशीरपणे रचले गेले. वात्स्यायनाच्या कामसूत्रात ‘कन्यासंप्रयुक्तक’ या तिसऱ्या अधिकरणात इंगित व आकार यांची चर्चा आहे. इंगित म्हणजे मनातला भाव सुचविणारी हालचाल. आकार म्हणजे मुद्रेवर उमटणारा विकार. ‘पारदारिक’ या पाचव्या अधिकरणात ‘भावपरीक्षा’ हे स्वतंत्र प्रकरण असून, जवळीक साधू पाहणाऱ्या पुरुषाला स्त्रीकडून मिळणाऱ्या निरनिराळ्या प्रतिसादांची तेथे छाननी केलेली आहे. मांडणी अर्थातच मुख्यतः पाहणाऱ्या पुरुषाच्या बाजूची आहे.

भरताच्या नाट्यशास्त्रात स्त्रियांचे दहा स्वभावज अलंकार सांगितले आहेत. त्यांपैकी दोन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. प्रियकराने केस, ओठ इत्यादींना स्पर्श केला असता आतून आनंद झाला असूनही स्त्री बाहेरून जो त्रास दाखविते, त्यास ‘कुट्टमित’ म्हटले आहे. बोलण्याचा प्रसंग असूनही लज्जेमुळे ती जी बोलत नाही, त्यास ‘विहृत’ म्हटले आहे. म्हणजे नकारामागे होकार आणि मौनामागे प्रेम, अशा दोन वाचनांना शास्त्राने नावे दिली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. भरत नटीला अभिनय शिकवीत आहे. रंगभूमीवरील नायिकेच्या मनात काय आहे हे नाटककाराने आधीच ठरविलेले असते. नटीने ते प्रेक्षकांस दाखवावयाचे असते. त्यामुळे कुट्टमितात शंकेला जागा नाही. नाटकाबाहेरील स्त्रीच्या नकाराला मात्र असा कोणी नाटककार नसतो.

कामसूत्रकाराला या भेदाची जाणीव होती असे दिसते. नवविवाहितेचा विश्वास संपादन करण्यासंबंधीच्या प्रकरणात तो स्त्रियांना फुलांची उपमा देतो, आणि विश्वास बसण्यापूर्वीच बळाने जवळीक केल्यास त्यांच्या मनात शरीरसंबंधाविषयीच द्वेष उत्पन्न होतो, असे बजावतो. नकार हा खराखुरा असू शकतो आणि त्याकडे दुर्लक्ष केल्याचे परिणाम टिकाऊ असतात, ही नोंद इतक्या जुन्या ग्रंथात आहे हे विसरता येत नाही.

३

गाथासप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे गाथांची रचना परंपरेने सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. तिचा गाभा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतील असून पुढे तीत भर पडत गेली. निरनिराळ्या पाठपरंपरांत समान असलेल्या गाथा सुमारे ४३० आहेत. आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने १८७० व १८८१ साली या गाथांच्या संपादित आवृत्त्या काढल्या; मराठीत स. आ. जोगळेकर यांची विस्तृत प्रस्तावनेसह आवृत्ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. गाथांतील जग गोदाकाठचे, शेताभाताचे व खेड्यापाड्यांचे आहे. कित्येक गाथा स्त्रीच्या तोंडच्या आहेत, आणि रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी अशा काही कवयित्रींची नावेही टीकापरंपरेने जपली आहेत.

नवव्या शतकात काश्मिरातील आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ रचला, तेव्हा वाच्य अर्थाहून व्यंग्य अर्थ वेगळा असतो हे सिद्ध करण्यासाठी त्याने आरंभीच प्राकृत गाथांचा आधार घेतला. त्यांतील दोन गाथा पुढे सर्व साहित्यशास्त्रात गाजल्या. पहिलीत एक स्त्री एका धार्मिक पुरुषाला सांगते की, त्याने आता निर्धास्तपणे हिंडावे. त्याला त्रास देणारा कुत्रा गोदावरीच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारला आहे. दुसरीत एक स्त्री घरी उतरलेल्या पांथस्थाला दिवसाउजेडी दाखवून ठेवते की, सासू येथे निजते व आपण येथे निजतो. रातांधळ्या पांथस्थाने रात्री चुकून आपल्या अंथरुणावर पडू नये.

आनंदवर्धनाच्या मते पहिल्या गाथेत वाच्य अर्थ विधीचा, म्हणजे ‘हिंड’ असा आहे, व व्यंग्य अर्थ निषेधाचा, म्हणजे ‘तिकडे फिरकू नकोस’ असा आहे. कारण ते ठिकाण तिच्या प्रियकराला भेटण्याचे आहे. दुसऱ्या गाथेत उलट प्रकार आहे. शब्दांत निषेध आहे, सूचनेत आमंत्रण आहे. ‘नको’ म्हणजे ‘ये’ हे वाचन भारतीय काव्यविचाराच्या एका पायाभूत ग्रंथात असे अगदी प्रवेशद्वाराशीच उभे आहे.

आता दोन्ही गाथांचे शब्द पुन्हा पाहावेत. पहिल्या गाथेत प्रियकर नाही, संकेतस्थळ नाही, बोलणारी कुलटा आहे असा उल्लेखही नाही. दुसऱ्या गाथेत आमंत्रणाचे एकही पद नाही. हे सारे अवतरणिकेने आणलेले आहे. अवतरणिका बाजूला ठेवली तर पहिली स्त्री एक धोक्याची बातमी देत आहे, आणि दुसरी स्त्री परक्या पुरुषाला रात्रीपुरता आसरा देताना आपली मर्यादा आखून देत आहे, असेही वाचता येते. काव्य म्हणून ते वाचन सपक ठरेल, यात शंका नाही. परंपरेने केलेले वाचन अधिक चमत्कृतिपूर्ण आहे आणि संग्रहाच्या शृंगारी प्रकृतीशी जुळणारेही आहे. मात्र सपक वाचन अशक्य नाही. आणि शब्दांवरून या दोहोंत निवड करता येत नाही.

४

ही अडचण प्राचीनांच्या नजरेतून सुटली नव्हती. अकराव्या शतकात महिमभट्टाने ‘व्यक्तिविवेक’ या ग्रंथात ध्वनीचे खंडन करताना असा पक्ष मांडला की, व्यंजना नावाची वेगळी शक्ती मानण्याचे कारण नाही. व्यंग्य म्हणून जे सांगितले जाते ते सारे अनुमानानेच कळते. कुत्र्यालाही भिणारा माणूस जेथे सिंह आहे तेथे जाणार नाही. त्याअर्थी तिच्या बोलण्यातून निषेधाचे अनुमान निघते.

मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’च्या पाचव्या उल्लासात याला दिलेले उत्तर मननीय आहे. भित्रा माणूसही गुरूच्या आज्ञेने किंवा प्रियेच्या ओढीने भयाच्या जागी जातो. कुत्र्याला भिणारा माणूस वीर असल्यास सिंहाला भीत नाही. म्हणून हेतू व्यभिचारी आहे. शिवाय गोदावरीच्या काठी सिंह आहे हे कोणी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. ते केवळ त्या स्त्रीच्या बोलण्यावरून कळते, म्हणून हेतू असिद्धही आहे. अशा सदोष हेतूवरून अनुमान निघत नाही. व्यंग्य अर्थ प्रतीत होतो तो बोलणारा, ऐकणारा, स्वर, प्रसंग, देश, काल इत्यादींच्या वैशिष्ट्यामुळे, आणि तोही प्रतिभावान वाचकालाच.

मम्मटाला व्यंजनेची प्रतिष्ठा राखावयाची होती. परंतु त्याच्या युक्तिवादातून आणखी एक गोष्ट आपोआप सिद्ध होते, ती अशी की, सूचित अर्थाची प्रतीती हे प्रमाण नव्हे. रसास्वादाला प्रतीती पुरते; निर्णयाला ती पुरत नाही. काव्यातील स्त्रीचे मन कवीने निर्माण केलेले असते, त्यामुळे वाचकाने तेथे चूक केली तरी कोणाचे काही बिघडत नाही. जिवंत स्त्रीच्या बाबतीत तीच चूक तिच्या शरीरावर लादली जाते.

५

ती कशी लादली जाते हे विसाव्या शतकातील एका खटल्यात उघड झाले. न्यायालयांनी साहित्यशास्त्र वाचले होते, असे येथे सुचवावयाचे नाही. साम्य आहे ते वाचनाच्या रीतीत.

२६ मार्च १९७२ रोजी रात्री देसाईगंज येथील पोलिस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीला जबानीसाठी आणण्यात आले. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते; आज ते गडचिरोली जिल्ह्यात आहे. मुलीला आईबाप नव्हते. ती ज्या घरी कामाला जात असे तेथील एका नातलग तरुणाशी तिचे प्रेमसंबंध जुळले होते, आणि तिला पळवून नेल्याची तक्रार तिच्या भावाने दिली होती. जबान्या झाल्यावर बरोबरच्या मंडळींना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेण्यात आले. दिवे मालवले गेले, दार बंद झाले. एका शिपायाने बलात्कार केला व एका हेड कॉन्स्टेबलने तिच्याशी लैंगिक चाळे केले, असा आरोप पुढे ठेवण्यात आला.

१९७४ साली सत्र न्यायालयाने दोघांस निर्दोष ठरविले. मुलीला शरीरसंबंधाची सवय होती, आणि शरीरसंबंध व बलात्कार यांत फार मोठे अंतर आहे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निर्णय फिरविला व शिपायास पाच वर्षांची आणि हेड कॉन्स्टेबलला एक वर्षाची शिक्षा दिली. धाकाने किंवा भीतीने हतबल होऊन शरीर स्वाधीन करणे म्हणजे इच्छा नव्हे, असे या खंडपीठाने म्हटले. हा भेद अर्थविचाराच्या दृष्टीने मूलगामी होता. बाहेरून दिसणारे वर्तन एकच, म्हणजे प्रतिकाराचा अभाव; पण त्यामागे भय असू शकते, याची ही नोंद होती.

‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा दोघांस मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, त्याअर्थी प्रतिकार झाला नाही. ठाण्यात हात धरला गेला तेव्हा तिने सोबतच्या माणसांना हाक मारली नाही, त्याअर्थी ती स्वाधीन झाली ती धाकाने नव्हे, अशी निकालाची अनुमानमालिका होती. घडलेला प्रकार शांतपणे पार पडलेला होता, असे वर्णनही निकालपत्रात आले.

मम्मटाची कसोटी येथे लावून पाहावी. मुलगी ओरडली नाही, हा हेतू. तिची संमती होती, हे साध्य. परंतु माणूस भीतीनेही ओरडत नाही, गोंधळानेही ओरडत नाही, ज्यांना हाक मारावयाची ते आपल्याहून दुबळे आहेत हे जाणूनही ओरडत नाही. हेतू व्यभिचारी आहे. तरीही अनुमान ग्राह्य धरले गेले, कारण अवतरणिका आधीच तयार होती. ही मुलगी पूर्वी एका पुरुषाजवळ गेलेली आहे, असा तिचा आशय होता. गाथेच्या टीकाकाराने बोलणारीला कुलटा ठरविले की तिच्या नकाराचे आमंत्रण होते. येथे मुलीला सवय होती असे ठरले की तिच्या मौनाची संमती झाली. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन मराठी घरांतून मुलीचे लग्न ठरविताना वर्षानुवर्षे उच्चारले गेले आहे. पोलिस ठाण्याच्या बंद दाराआड त्याचा अर्थ किती भयंकर होतो, हे या निकालाने दाखविले.

६

१६ सप्टेंबर १९७९ रोजी उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार हे दिल्ली विद्यापीठातील विधी-अध्यापक आणि पुण्याच्या वसुधा धागमवार, अशा चौघांनी सरन्यायाधीशांना उद्देशून खुले पत्र लिहिले. शरणागती आणि संमती या दोन गोष्टी कायद्यानेही एक मानता येत नाहीत, हा त्या पत्राचा मुख्य मुद्दा होता. मुंबईत स्त्रियांच्या संघटना उभ्या राहिल्या; १९८० च्या महिला दिनी निरनिराळ्या शहरांत निदर्शने झाली; त्याच वर्षी विधि आयोगाने आपला ८४ वा अहवाल सादर केला. अखेर १९८३ साली फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. पोलिसांच्या किंवा तत्सम ताब्यातील स्त्रीने आपली संमती नव्हती असे न्यायालयात सांगितल्यास, संमती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम पुराव्याच्या कायद्यात आले. म्हणजे एका मर्यादित क्षेत्रात का होईना, अवतरणिका देण्याचा पहिला अधिकार बोलणारीकडे आला.

पुढील वाटचाल याच दिशेने, पण संथ गतीने झाली. स्त्रीच्या चारित्र्यावरून तिच्या साक्षीची विश्वासार्हता खोडून काढण्याची मुभा देणारे पोटकलम २००२ च्या दुरुस्ती-अधिनियमाने वगळले. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या केली. शब्दांनी, हावभावांनी किंवा अन्य रीतीने व्यक्त झालेली निःसंदिग्ध व ऐच्छिक मान्यता म्हणजे संमती. केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही. त्याच दुरुस्तीत पाठलागाचा गुन्हा नव्याने आला, आणि स्त्रीने अनास्था स्पष्टपणे दर्शविल्यानंतरही पुनःपुन्हा संपर्क साधणे हे त्याचे एक लक्षण ठरले. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. तीत बलात्काराची व्याख्या ६३ व्या व पाठलागाचा गुन्हा ७८ व्या कलमात आहे.

तथापि जुनी अवतरणिका नाहीशी झाली असे म्हणता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१७ मधील एका निकालपत्रात, दुबळ्या स्वरातील नकाराचा अर्थ होकार असू शकतो, अशी वागणूक स्त्रियांत अपरिचित नाही, या आशयाचे विधान आढळते. कुट्टमिताची व्याख्या आणि हे विधान यांमध्ये शतकानुशतकांचे अंतर आहे. आशयात अंतर थोडे आहे.

७

स्त्री व पुरुष यांच्या वाचनात भेद असतो, या अनुभवाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रायोगिक आधार मिळाला. अमेरिकेतील अँटोनिया ॲबी यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक तरुण व एक तरुणी पाच मिनिटे संभाषण करीत, आणि दुसरी एक तशीच जोडी त्यांना लपून पाहत असे. संभाषणातील तरुणीच्या वागण्यात पुरुषांना लैंगिक सूचकता अधिक दिसली. स्त्रियांना कमी दिसली. मार्टी हेझलटन व डेव्हिड बस यांनी २००० साली याचे उत्क्रांतिवादी स्पष्टीकरण दिले. नसलेली आवड आहे असे समजणे व असलेली आवड न ओळखणे या दोन चुकांपैकी पुरुषाला दुसरी चूक महाग पडत आली, म्हणून तो पहिलीकडे झुकतो, असे त्यांचे मत आहे. कोरिन फॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली वेगळा निष्कर्ष मांडला. पुरुष मैत्रीला आवड समजतात तसेच आवडीलाही मैत्री समजतात. म्हणजे झुकावापेक्षा खुणा वेगळ्या करून ओळखण्यातील उणीव मोठी आहे. याउलट कॅरिन पेरिलू व रॉबर्ट कुर्झबान यांनी २०१५ साली, स्त्रियाच आपला कल प्रत्यक्षाहून कमी सांगत असाव्यात, ही शक्यता पुढे केली.

हे संशोधन बहुतांशी पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवरचे आहे. ते येथे जसेच्या तसे लावता येणार नाही. परंतु शेवटचा मतभेद लक्षणीय आहे. पुरुषांचे वाचन चुकते की स्त्रियांचे कथन, हा वाद पुन्हा प्रमाण कोणते मानावे यावरच येऊन ठेपतो.

हा प्रश्न ग्रंथातील नाही, हे पाहावयाचे तर आकुर्डीसारख्या गावाकडे पाहावे. तुकोबांच्या पालखीचा देहूहून निघाल्यावरचा पहिला मुक्काम जेथे असतो, ते हे गाव १९६० नंतरच्या काही दशकांत कारखान्यांच्या पट्ट्यात सामावले गेले. जुन्या गावात माणसे एकमेकांना ओळखत असत. कोणाचे हसणे कशाचे, हे गाव जाणत असे, किंवा जाणतो असे समजत असे. औद्योगिक वस्तीत विदर्भातील, मराठवाड्यातील, उत्तरेतील स्त्रीपुरुष एकाच पाळीत काम करतात. त्यांच्या खुणांचे संकेत एक नसतात. अशा वेळी ‘हसली म्हणजे फसली’ यासारखे तयार वाक्य अवतरणिकेचे काम करते. नावगाव माहीत नसलेल्या स्त्रीच्या सौजन्याला ते एका क्षणात अर्थ चिकटवून देते.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासंबंधीचा २०१३ चा अधिनियम दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती नेमावयास लावतो. तिची अध्यक्ष स्त्री असते, निम्मे तरी सदस्य स्त्रिया असतात, व एक सदस्य बाहेरचा असतो. या अधिनियमाने छळाची कसोटी म्हणून जे विशेषण योजले आहे, त्याला मराठीत ‘नकोसे’ हा साधा शब्द सर्वांत जवळचा आहे. मराठीच्या व्याकरणातच येथे एक भेद दडलेला आहे. ‘सलगी करणे’, ‘लगट करणे’, ‘छेड काढणे’ या प्रयोगांत कर्ता पुरुष असतो, आणि कृतीचे वर्णन त्याच्या बाजूने होते. ‘विनयभंग’ या कायद्याच्या शब्दात भंगतो तो विनय. स्त्रीच्या इच्छेचा त्यात उल्लेखच नाही. ‘नकोसे’ मात्र कोणाला तरी वाटावे लागते. ‘तिला नकोसे वाटले’ या वाक्यात चतुर्थीतील व्यक्तीवाचून अर्थ पुरा होत नाही, आणि ती व्यक्ती अनुभवणारी असते, पाहणारी नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक तक्रार तपासाविना मान्य करावी असा नाही. समितीपुढेही बोलणारा, ऐकणारा, प्रसंग, देश, काल हे सारे तपासावेच लागते. मम्मटाची यादी तेथेही उपयोगी आहे. फरक इतकाच की, ज्या अवतरणिका गाथांच्या टीकाकारांनी रचल्या त्या तपासण्यासाठी गाथेतील स्त्रीला कोणी बोलावू शकत नव्हते. देसाईगंजच्या मुलीला बोलावता येत होते. ती न्यायालयात उभी राहून बोललीही होती.